सहप्रवाशाचा हक्क

घर घेताना माणूस मोहल्ला पाहतो, सोयरीक जुळवताना खानदान पाहतो, दुकान टाकताना बाजूचे दुकान कुणाचे ते विचारतो. रेल्वेच्या जनरल डब्यात मात्र शेजारी निवडता येत नाही. जागा मिळेल तिथे बसायचे आणि जो येईल त्याला थोडे सरकून जागा द्यायची. अशा न निवडलेल्या शेजाऱ्याचे आपण काही देणे लागतो का? प्रश्न साधा वाटतो, पण खानदेशच्या रुळांवर तो अलीकडे दोनदा जिवावर बेतला आहे.

धुळे-चाळीसगाव हा ५६ किलोमीटरचा फाटा १९०० साली सुरू झाला. मुंबईला निघालेल्या धुळेकराला पुढे कितीतरी वर्षे चाळीसगावला गाडी बदलावी लागे, नाहीतर आपला डबा दुसऱ्या गाडीला जोडला जाईपर्यंत ताटकळावे लागे. २०२३ मध्ये धुळ्याहून मुंबईची थेट गाडी सुरू झाली. चाळीसगाव, मनमाड, नाशिक रोड करीत ती इगतपुरीला पोचते आणि घाट उतरून कल्याणला जाते. यंत्रमागावरचा कारागीर, नोकरीच्या परीक्षेला निघालेला तरुण, लेकीकडे निघालेला म्हातारा, सारे एकाच बाकावर येतात. कुणीतरी भाकरी-चटणीचा डबा उघडतो आणि ओळख नसलेल्यालाही "घ्या" म्हणतो. आपल्याकडची ही जुनी रीत आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये याच गाडीत डब्यावरूनच वेगळे घडले. जळगाव जिल्ह्यातल्या एका वृद्ध मुस्लिम प्रवाशाजवळ गोमांस आहे, अशा संशयावरून काही तरुणांनी त्याला मारहाण केली. तिचे मोबाइलवर चित्रण झाले, ते सगळीकडे फिरले. गुन्हा नोंदला गेला, अटकाही झाल्या. मारणाऱ्यांचा हिशेब कायद्याने करावा. विचार करायचा तो बाकीच्या डब्याचा. "मी तर हात लावला नाही," असे त्यातला कुणीही म्हणू शकेल आणि ते खोटे नसेल. पण गर्दीच्या डब्यात मारणारे नेहमी थोडेच असतात. त्यांना बळ मिळते ते इतरांच्या खाली घातलेल्या मानांमुळे. चार माणसे उठून त्या म्हाताऱ्याभोवती बसली असती, तर कदाचित हात थांबला असता. पुरेशा कारणाशिवाय साखळी ओढणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४१ खाली गुन्हा आहे. एका म्हाताऱ्याला मार बसत असेल तर ते कारण पुरेसे नाही काय?

मग काही दिसले-ऐकले की लगेच ओरडावे, साखळी ओढावी, हेच कर्तव्य म्हणायचे का? तसेही नाही. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोऱ्याजवळ परधाडे येथे लखनौहून मुंबईकडे निघालेल्या पुष्पक एक्स्प्रेसमध्ये "आग लागली" अशी ओरड झाली. साखळी ओढली गेली, घाबरलेली माणसे खाली उतरून शेजारच्या रुळावर आली आणि समोरून येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसने त्यांना उडवले. किमान १२ जीव गेले. पोटासाठी उत्तर प्रदेशातून, नेपाळातून निघालेली माणसे त्यांत होती. आग लागलेलीच नव्हती. पहिल्यांदा ओरडणाऱ्याच्या मनात कदाचित वाईट काही नसेल, इतरांचा जीव वाचावा असेच असेल. तरीही न तपासलेला एक शब्द डब्यातून डब्यात गेला.

एका गाडीत बोलायला हवे होते तेव्हा माणसे गप्प राहिली. दुसरीत क्षणभर थांबून पाहायला हवे होते तेव्हा सारे धावले. तेव्हा बोलणे म्हणजे हिंमत आणि गप्प राहणे म्हणजे भित्रेपणा, असा सोपा हिशेब मांडता येत नाही. एक मात्र दोन्हीकडे सारखे आहे. संशय खरा की खोटा हे पाहण्याआधीच त्यावर कृती झाली आणि ती शेजारच्या माणसाला भोवली.

कुरआन शरीफच्या सूरह निसामध्ये आई-वडील, नातलग, अनाथ, शेजारी यांच्याशी भलाईने वागायला सांगताना 'साहिब बिल-जंब', म्हणजे बाजूला असलेला सोबती, याचाही उल्लेख येतो. अनेक भाष्यकारांनी त्याचा अर्थ प्रवासातला सोबती असा केला आहे. तो कोणत्या धर्माचा असावा, अशी अट तिथे नाही. आलेल्या बातमीची शहानिशा करा, ही ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. दोन्ही शिकवणी जनरल डब्यात एकमेकींना पूरक ठरतात.

हे इतरांना ऐकवणे सोपे आहे. सुरत-भुसावळ मार्गावर गाठोडी घेऊन मजुरीला निघालेले आदिवासी कुटुंब डब्यात चढते. कुणी दरडावून त्यांना दाराजवळ बसवतो, तेव्हा आपल्यातले किती जण "इथे या, बसा" म्हणतात? आपल्या माणसासाठी रुमाल टाकून जागा अडवणारे हात आपल्या मोहल्ल्यातही आहेतच. आपल्यावर बेतले की शेजाऱ्याने उठावे, ही अपेक्षा रास्त आहे. पण शेजाऱ्यावर बेतल्यावर आपण उठत असू, तरच ती शोभते.

सहप्रवाशाचा हक्क फार मोठा नाही. त्याला आपली मालमत्ता नको, आपली मैत्रीही नको. त्याच्याविषयी काही ऐकले तर आधी खरे-खोटे पाहावे आणि त्याच्यावर हात उठला तर आपण जागेवरून उठावे, एवढेच त्याचे मागणे आहे. त्याचे स्टेशन आले की तो उतरून जाईल. पुन्हा भेटणारही नाही, उपकार फेडणारही नाही. म्हणूनच त्याच्याशी केलेल्या वागण्यात हिशेब नसतो आणि माणसाची खरी किंमत तिथेच कळते.