राखावे की द्यावे?

'माझे' या शब्दाचा कायद्यातील अर्थ सरळ आहे. जी वस्तू दुसऱ्यास नाकारण्याचा मला अधिकार आहे, ती माझी. हाच अर्थ उराशी धरून आम्ही आजवर वकिली केली. तो पुरा आहे काय, ही शंका आम्हांस आली ती दूर इंग्लंडातील एका चिमुकल्या फुलामुळे.

स्नोड्रॉप हे त्याचे नाव. ऐन हिवाळ्यात, जानेवारी-फेब्रुवारीच्या गारठ्यात, हे वीतभर उंचीचे झाड मान खाली घातलेले एकच पांढरे फूल धरते. बाहेरच्या तीन पाकळ्या शुभ्र असतात, आतल्या तीन आखूड पाकळ्यांवर हिरवी खूण असते. 'गॅलँथस' या त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थ दुग्धपुष्प. तेथील जुन्या ख्रिस्ती मठांच्या व चर्चच्या आवारांत ते दाटीने फुलते, आणि २ फेब्रुवारीच्या मेणबत्त्यांच्या सणाशी त्याचे नाव जोडलेले आहे.

रानातील मूळ जाती सुमारे वीस. परंतु बागाइतांनी नावे दिलेले प्रकार हजारांहून अधिक आहेत. खूण हिरवी की पिवळी, पाकळ्या एकेरी की दुहेरी, एवढ्याच भेदासाठी जाणकार ओल्या मातीत गुडघे टेकतात. २०१५ साली 'गोल्डन फ्लीस' या प्रकाराचा एकच कंद १,३९० पौंडांस विकला गेला. साहजिकच दुर्मीळ कंदांची चोरीही होते.

या झाडाचा स्वभाव मात्र मालकीस फारसा अनुकूल नाही. बियांतून नेमका तोच प्रकार उतरेल याची खात्री नसते. कंदाला पिलू-कंद फुटतात, ते वेगळे करून लावावे लागतात. म्हणजे एका प्रकाराची सर्व झाडे ही वस्तुतः एकाच झाडाची अंगे होत. ते एकाच वाफ्यात राहिले आणि वाफा कुजला, तर प्रकारच जगातून जातो. एकोणिसाव्या शतकात सॉमरसेटमधील जेम्स ॲलन यांनी शंभरावर प्रकार निपजविले. बुरशीने व किडीने त्यांतील बहुतेक नाहीसे झाले. 'मॅग्नेट' आणि 'मर्लिन' आजही फुलतात, ते इतरांच्या बागांत. स्कॉटलंडच्या सॅम्युएल आर्नॉट यांनी आपले कंद ग्लॉस्टरशरमधील हेन्री एल्विस यांस पाठविले, आज 'एस. आर्नॉट' असंख्य बागांत आहे. झाड राखावयाचे असेल तर ते देऊन टाकावे, असे तेथील जुने माळी सांगतात ते उगीच नव्हे.

मग स्वामित्व हेच पाप म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. १९८० नंतरच्या दशकात तुर्कस्तानच्या डोंगरांतून लक्षावधी कंद उपटून परदेशी धाडले गेले, आणि १९९० साली या वनस्पतीच्या सर्व जातींचा व्यापार आंतरराष्ट्रीय करारान्वये नियंत्रणाखाली आणावा लागला. त्या डोंगराने काही दिले नव्हते. त्याच्यापासून घेतले गेले होते. तसेच, वर्षानुवर्षे खपून नवा प्रकार निपजविणाऱ्याने मोल मागितले तर तो लोभी ठरत नाही. नाकारण्याचा अधिकार हवाच. जे आपले नाही त्याचे दान करता येत नाही, आणि नाकारता येत नसेल तर दिल्याला दान म्हणता येत नाही. स्वामित्व ही दानाची पात्रता आहे. केवळ नाकारण्यातच ती खर्ची घातली, तर ती वांझ राहते.

हे आम्हांस फार उशिरा कळले. आमच्या अंगणात एक पांढरी जास्वंद होती. तसे फूल आळीत दुसऱ्या कोणाकडे नव्हते. देवळात फुले नेणाऱ्या शेजारच्या काकूंनी एकदा तिची फांदी लावावयास मागितली. पुढे पाहू, असे म्हणून आम्ही ती टाळली. आमच्या मनात काय होते, हे त्याही समजल्या असाव्यात. पुन्हा त्यांनी मागितली नाही. पुढच्याच पावसाळ्यात मुळाशी पाणी साचून झाड कुजले. फांदी मागावयास जावे असे एकही घर नव्हते. नाकारण्याचा आमचा अधिकार अबाधित राहिला. नाकारण्याजोगे मात्र काही उरले नाही.