पाण्यानें झिजलेले खडक

पारनेर तालुक्यांत निघोज गांवाजवळ कुकडी नदीच्या पात्रांत काळ्या खडकांत रांजणासारखे खोल खळगे पडलेले आहेत. पलीकडचा तीर पुणें जिल्ह्यांतील शिरूर तालुक्याचा. कोणा मनुष्यानें ते टांकीनें खोदिले नाहींत. पृथ्वीच्या पोटांतून आलेला वितळलेला रस सुमारें 6.5 कोटि वर्षांपूर्वीं थिजून हा खडक झाला. पुराचें पाणी त्याच्या खोलगटांत भोंवऱ्यासारखें फिरतें. त्याबरोबर वाळू व गोटे फिरतात आणि जात्यासारखे तळ दळीत राहतात. गोटाहि झिजून वाटोळा होतो; तो संपला कीं पुढील पूर दुसरा आणितो. दोन खळग्यांमधील भिंत फुटली म्हणजे दोहोंचा एक होतो. पाहावयास जाणारांनीं पाणी ओसरल्यावर जावें व मुलांस हातीं धरावें. कडा फार निसरड्या आहेत.

प्रियजनहो, हें पाहून उपदेशकास एक सोपा दृष्टांत सुचतो: पाण्यानें खडक झिजतो, तसें धीरानें वचन सांगत राहिल्यानें कठीण हृदय मऊ होतें. दृष्टांत वाईट नाहीं. परंतु ईयोबाच्या ग्रंथाचा चौदावा अध्याय उघडून पाहा. पाणी दगड झिजवितें हें त्या पीडित मनुष्यासहि ठाऊक होतें. आणि त्याच रीतीनें देव मनुष्याची आशा नाहींशी करितो, अशी त्याची तक्रार आहे. तेथें ईयोब खडकाच्या जागीं उभा आहे.

आपल्या मंडळ्यांत असे किती आहेत! लागोपाठ दोन वर्षें पीक बुडालेला शेतकरी, व्याज फेडतां फेडतां म्हातारा झालेला बाप, लेंकरूं मातींत ठेवून आलेली माता. त्यांच्या ओट्यावर बसून आपण झिजण्याची स्तुति करावी काय? ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस मुकाट्यानें बसले होते, तेंच बरें होतें. पुढें ते देवाची बाजू घेऊन पुष्कळ बोलले, आणि शेवटीं देवाचा कोप त्यांजवरच झाला. आपला सेवक ईयोब योग्य तें बोलला असें देवानें म्हटलें.

प्रभु येशूहि तीरावर उभा राहून उपदेश करीत राहिला नाहीं. लाजरास आपण उठविणार हें ठाऊक असतां तो त्याच्या बहिणीबरोबर रडला.

ह्या आठवड्यांत अशा एखाद्या घरीं जाल, तेव्हां हाच अध्याय वाचा, आणि तक्रारीचीं वचनें गाळूं नका. देव असें कां करितो म्हणून त्यांनीं विचारिलें, तर मला ठाऊक नाहीं, असें म्हणावयास लाजूं नका. मग त्यांच्याबरोबर प्रार्थना करा, आणि वेळ असेल तितका बसा.