सुट्टी नक्की कोणाची?

मुलांची परीक्षा संपायला अजून महिना असतो, पण घराघरांत मे महिन्याची बोलणी सुरू झालेली असतात. ती व्हायलाच हवीत. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात वेलंकणीला जायचे, तर मार्चच्या सुरुवातीलाच, बहुधा ऐन प्रायश्चित्तकाळात, तारीख पक्की करावी लागते. शिवाय नवरा-बायको दोघेही नोकरीला असतील तर दुपारी मुलांकडे कोण पाहणार, हा प्रश्न असतोच. मनोरा बांधण्याआधी खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा दाखला खुद्द प्रभू येशूने दिला आहे (लूक १४). तेव्हा ‘देव बघेल’ म्हणत स्वस्थ बसणे ही काही श्रद्धा नव्हे. आखणी न केलेली सुट्टी मोकळी राहतही नाही. मोबाइल ती खाऊन टाकतो.

पण मनोऱ्याच्या हिशेबात आणि सुट्टीच्या हिशेबात एक फरक आहे. मनोऱ्याला लागतो तो आपला पैसा. सुट्टीची आखणी करताना आपण वेळ वाटत असतो आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्याचा असतो. दुसऱ्याचा वेळ त्याला न विचारता वाटून टाकण्याचा हक्क आपल्याला आहे का?

गेल्या वर्षी मी मोठ्या उत्साहाने एक तक्ता करून फ्रिजवर चिकटवला होता. मुलीला पोहण्याचा क्लास, मुलाला दहावीची व्हेकेशन बॅच, मग धर्मग्रामाचे बायबल शिबिर, वेलंकणी आणि शेवटचे पंधरा दिवस वसईला आजीकडे. तक्ता पाहून मला स्वतःचेच कौतुक वाटले. पाचवीतल्या मुलीने तो नीट वाचला आणि विचारले, “पप्पा, यात सुट्टी कधी आहे?” आम्ही सगळे हसलो. उत्तर कोणीच दिले नाही.

आईला मी फोनवर तारखा कळवल्या. विचारल्या नव्हत्या, कळवल्या. “पाठव रे, घर भरेल माझं,” ती म्हणाली. मुले गेली, बावखलाच्या काठावर खेळली, जांभळांनी कपडे खराब करून आली. जूनमध्ये शेजारच्या काकूंकडून कळले, की त्याच आठवड्यात आईने तीन दिवसांच्या रिट्रीटला नाव दिले होते. नातवंडे येणार म्हणून तिने ते मागे घेतले आणि आम्हाला त्यातले एक अक्षर सांगितले नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी ती पंधरा दिवस चुलीपाशी उभी होती. माझ्या तक्त्यात त्या पंधरा दिवसांपुढे लिहिले होते: ‘आराम’.

त्यानंतर शब्बाथाची आज्ञा मी पुन्हा नीट वाचली. त्या दिवशी विश्रांती कोणाला, याची तिथे चक्क यादी आहे: तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे, तुझ्याकडे राहणारा परका. अनुवाद पुस्तकात बैल आणि गाढवाचाही वेगळा उल्लेख येतो आणि तुझ्याप्रमाणे तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा, असे कारणही दिले आहे. गंमत म्हणजे या यादीत बायकोचे नाव नाही. ‘तू’ या शब्दातच ती आली, असे अभ्यासक सांगतात. ते खरेच असेल. पण आमच्यासारख्या घरांत ती ‘तू’मध्येही येत नाही आणि यादीतही येत नाही. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात (परिच्छेद २१८७) सांगितले आहे, की दुसऱ्याला प्रभूचा दिवस पाळता येणार नाही अशा अनावश्यक मागण्या त्याच्याकडे करू नयेत. ते रविवारविषयी आहे हे खरे. तरी ते वाचताना मला आईची ती रिट्रीट आठवली.

आणि मुलांचे काय? त्यांचा वेळ तरी आपला आहे ना? इथे मला पवित्र कुटुंबाचा प्रवास आठवतो. मरियामाता आणि संत योसेफ दरवर्षी वल्हांडणासाठी यरुशलेमला जात. तारीख ठरलेली, वाट ठरलेली, सोबतही ठरलेली. येशू बारा वर्षांचा असताना परतीच्या वाटेवर एक दिवसाची मजल झाल्यावर कळले, की मुलगा काफिल्यात नाहीच. तीन दिवसांनी तो मंदिरात सापडला. आईने कळवळून जाब विचारला तेव्हा त्याने दिलेल्या उत्तराचा रोख असा, की मी माझ्या पित्याकडेच असणार, हे तुम्हाला ठाऊक नव्हते का? आईवडिलांना ते उमगले नाही, असे संत लूक सरळ लिहून टाकतो. पुढे मुलगा नाझरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी आहेत. मूल आपल्या आज्ञेत असते, पण त्याच्या वेळाचे आपण मालक नसतो. देव त्याच्याशी काय बोलणार आहे, ते आपल्या तक्त्यात मावत नाही.

याचा अर्थ पोहणे शिकवू नये असा नाही. दहावीचा अभ्यास तर करावाच लागेल. त्या बॅचवाल्यांशी वाद घालण्याची माझी हिंमत नाही.

यंदा मी पहिला फोन आईला केला. “आई, मे महिन्यात तुझं काय काय आहे?” पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, “दहा ते बारा माझी रिट्रीट आहे. पोरांना तेरानंतर पाठव. आणि सुनेलाही पाठव, पण तिला चुलीजवळ येऊ देणार नाही मी.”

“मग स्वयंपाक कोण करणार?”

“तू ये ना. मासळी साफ करायला शिकवते तुला.”

मुलीने नऊ दिवस मागितले आहेत, ज्यात कोणी काहीच ठरवायचे नाही. पाच दिवस मी कबूल केले आहेत. बाकीच्या चारांवर आमची बोलणी अजून चालू आहेत.