पाळणें

प्राणी पाळणारा मनुष्य दयाळू असतो, अशी सर्वसामान्य समजूत आहे. ती कितपत खरी, याचा विचार आमच्या घरांतील एका माशानें आम्हांस करावयास लावला.

तीन वर्षांपूर्वीं मुलांच्या हट्टास्तव आम्हीं खाऱ्या पाण्याची कांचेची टांकी घेतली व तींत बोटभर लांबीचा ‘एम्परर एंजलफिश’ आणून सोडला. गडद निळ्या अंगावर एकांत एक पांढरीं वलयें, असें त्याचें बाळरूप होतें. हा मासा वाढतां वाढतां तीं वलयें टाकतो व पिवळे पट्टे धारण करतो. हें रूपांतर इतकें पूर्ण असतें कीं, ब्लॉख या जर्मन पंडितानें १७८७ सालीं मोठ्या माशाचें वर्णन केल्यावरहि १८०१ सालीं त्याच्याच पिलास निराळी जात समजून निकोबारवरून नांव देण्यांत आलें! आमचा मासा आतां वीतभर झाला आहे. समुद्रांत तो ४० सेंटिमीटरपर्यंत वाढतो.

माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. समुद्रांत तो विरून जातो. टांकींत तोच विष होतो. सूक्ष्म जंतूंकडून त्याचें आधीं नायट्राइट व मग नायट्रेट करवून घ्यावें लागतें, आणि सांचलेलें नायट्रेट काढण्यासाठीं पाणी वरचेवर बदलावें लागतें. हें सर्व आम्ही नेमानें करतों, आणि खरें सांगावयाचें तर त्याचा आम्हांस अभिमानहि वाटत असे. परंतु हे उपचार कोणत्या दुःखावरचे? जें आम्हींच निर्माण केलें त्यावरचे. वाटसरूची शिदोरी काढून घेऊन त्यास दोन घास देणाऱ्याला आपण अन्नदाता म्हणत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, समुद्रांत त्यास मोठ्या माशांचें भय. येथें तो सुरक्षित आहे. हें खोटें नाहीं. पण प्रवाळांच्या कपारींतून हिंडत स्पंजांचे तुकडे तोडून खाणें, आपली हद्द राखणें, हाच त्याचा संसार. तो काढून घेऊन नुसती सुरक्षितता दिली, तर दिलें त्याहून नेलें अधिक. माशाच्या मनांत काय चालतें, हें सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं. मात्र टांकींत हात घातला कीं तो दचकून ‘ठक्’ असा आवाज करतो, आणि तो कांचेबाहेर स्पष्ट ऐकूं येतो.

केवळ प्रेम असल्यानें दोष टळतो असेंहि नाहीं. इंग्लंडांत फिलिप गॉस यानें १८५४ सालीं ‘दि अ‍ॅक्वेरियम’ हा ग्रंथ लिहिला, तो समुद्रजीवांवरील प्रेमानेंच. पण त्या छंदाच्या लाटेंत संग्राहकांनीं किनाऱ्यावरील खडकांतलीं डबकीं लुटलीं. त्याबद्दल पित्यास झालेला खेद पुत्र एडमंड यानें १९०७ सालच्या ‘फादर अँड सन’मध्यें नमूद केला आहे. पुढें १९६० नंतरच्या दशकांत फिलिपाइन्समध्यें शोभेचे मासे पकडण्यासाठीं सोडियम सायनाइड वापरूं लागले. त्यानें मासा गुंगतो, आणि भोंवतालचें प्रवाळ मरतें. आमचा मासा कसा पकडला होता? तो घेतांना आम्हीं विचारलेंहि नाहीं. दुकानदारास दोष देण्याआधीं हें न विचारणें आमच्या खातीं मांडलें पाहिजे.

मग त्यास समुद्रांत सोडून मोकळें व्हावें काय? तसेंहि करतां येत नाहीं. टांकींतील रोग त्याच्याबरोबर समुद्रांत जाण्याचा संभव असतो. आणि जो मासा कोठून आणला हेंच ठाऊक नाहीं, त्यास कोणत्या किनाऱ्यावर सोडावयाचें? एका अविचाराची भरपाई दुसऱ्या अविचारानें होत नसते.

मराठींत जनावर पाळतात आणि दिलेला शब्दहि पाळतात. दोहोंस क्रियापद एकच. पहिलें आम्ही हौसेनें करूं लागलों, दुसऱ्याचें भान मागाहून आलें. हा मासा जगेल तोंवर त्यास पुरेशी जागा, स्वच्छ पाणी व योग्य अन्न देणें हें आमच्यावरील ऋण आहे. त्यास आम्ही दया म्हणणार नाहीं. परवां धाकट्यानें त्याच्यासाठीं एक सोबती मागितला. आम्हीं नको म्हटलें, आणि कां तेंहि सांगितलें. तो बराच वेळ टांकीपुढें बसून होता. पण त्यानें पुन्हां हट्ट धरला नाहीं.