गोठ्यातली मेहनत

कष्ट केले की यश मिळतंच, असं जत्रेच्या स्टेजवरून दर साली सांगतात. मला हे पुरतं पटत नाही. दिवसभरात शंभर गाडे पळाले तरी घाटाचा राजा एकच होतो. मग बाकीच्यांनी काय कष्ट केले नाहीत? शेतकऱ्याला तर हे सांगूच नये. पेरणी, खुरपणी, पाणी सगळं वेळेवर केलेल्या गव्हावरही काढणीच्या तोंडावर गारा पडतात.

माणसांच्या शर्यतीतही तेच. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे अविनाश साबळेचं गाव. शेतकऱ्याचं पोर, फौजेत गेलं आणि तिथं धावपटू झालं. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडत ३००० मीटर तो ८ मिनिटं ११.२० सेकंदांत धावला. सोनं हुकलं ते ०.०५ सेकंदानं. त्याची मेहनत कमी पडली, असं म्हणायची कुणाची छाती आहे? पुढच्या साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यानं सोनं आणलं. पण ते आलं नसतं तरी आधीची मेहनत खोटी ठरली नसती.

मग रोजची मेहनत देते तरी काय? याचं उत्तर मला आमच्या बैलगाड्यात दिसतं. घाटातला खेळ मोजून काही सेकंदांचा. पण त्यामागं गोठ्यातलं अख्खं वर्ष असतं. पहाटे उठून शेण काढायचं, खरारा करायचा, वैरण-खुराक बघायचा, बैल चालवून आणायचा, खूर तपासायचे. बैलाला आज बरं नाही, हे त्याच्या रवंथावरून ओळखायचं. यातलं एकही काम बघायला कुणी येत नाही, टाळी तर लांबच.

हे ज्यानं वर्षभर केलं, त्याचा बैल हाकेवर पळतो. ज्यानं केलं नाही, त्याचा हात शेवटी चाबकाकडं जातो. मालकाचा आळस बैलाच्या पाठीवर उमटतो, तो असा. बक्षीस बैलाला कळत नाही. खरारा कळतो आणि आरही कळते. शर्यतीत उतरायचं हे बैलानं ठरवलेलं नसतं, आपण ठरवलेलं असतं. म्हणून रोजचे कष्ट ही यशाची किंमत नाही, ते त्या मुक्या जनावराचं देणं आहे.

मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली. आम्हा गाडेवाल्यांना ते फार लागलं. पण जनावराच्या हालाचा जो प्रश्न कोर्टानं विचारला, तो खोटा नव्हता. चाबूक, आर, शेपटी पिरगाळणं, सगळं घाटात होत होतं. डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. मधल्या सात वर्षांत घाट ओस होते. कित्येकांनी बैल विकले. वैरणीचा भाव बघता त्यांना नावं ठेवायची सोय नाही. काहींनी मात्र पुढं शर्यत होईल याचा काहीच भरवसा नसताना खुराक तोडला नाही की खरारा चुकवला नाही. त्या सात वर्षांत त्यांना एकही बक्षीस मिळालं नाही. तरी त्यांचे कष्ट वाया गेले असं मी म्हणणार नाही. दावणीचं जनावर राखणं हे त्यांचं काम होतं, आणि ते त्यांनी केलं.

यश येतं तेव्हा त्यात नशीब असतं, त्या दिवशीची माती असते, शेजारच्या बैलाची ताकद असते. ते आपल्या हातात नाही. पहाटेचा खरारा आपल्या हातात आहे. म्हणून जत्रेला गेलात तर गाड्याचे सेकंद जरूर विचारा. पण त्याआधी बैलाच्या पाठीवरून एकदा हात फिरवून बघा. मालकानं वर्षभर काय केलं, ते तिथं कळतं.