ताट बदलले, पंगत अडली

आषाढी एकादशीला महाराष्ट्रातल्या घराघरांत उपवासाचे ताट वाढले जाते. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी, उकडलेली रताळी आणि या सगळ्यात हिरवी मिरची. हे ताट आपल्याला इतके जुने वाटते की त्याच्या वयाची कुणी चौकशीच करत नाही. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून निघतो तो, तसेच बटाटा, शेंगदाणा, रताळे आणि मिरची हे सगळे अमेरिका खंडाचे रहिवासी. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोहोचला, वास्को द गामा १४९८ मध्ये मलबारला उतरला, पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतले आणि त्यानंतर हे जिन्नस हळूहळू आपल्याकडे रुजले. ज्ञानदेवांनी १२९० मध्ये गीतेवरची टीका सांगितली तेव्हा त्यांच्या श्रोत्यांपैकी एकानेही यातली एखादी वस्तू पाहिली नव्हती. या ताटात त्यांच्या ओळखीचे काही असेल, तर तूप, जिरे आणि मीठ.

मध्ययुगीन महाराष्ट्राच्या खाण्यापिण्याकडे वळताना ही गोष्ट आधी लक्षात घेतलेली बरी. परंपरा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पदार्थ येतात, पण ताटातला जिन्नस ही परंपरेतली सर्वांत चंचल बाब आहे. त्या काळच्या साधनांकडे पाहिले की दिसते, पदार्थांच्या मानाने फार चिवट ठरली ती पंगत. कोण कुणाबरोबर जेवतो, कोण कुणानंतर जेवतो, कुणी शिवलेले चालते आणि कुणाची सावलीही चालत नाही, हे नियम धान्य बदलले, मसाले बदलले, राज्ये बदलली तरी टिकून राहिले.

ताटापासून सुरुवात करू. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. महाराष्ट्राचा मोठा भाग तेव्हा त्या सत्तेखाली होता आणि या ग्रंथातल्या गाण्यांच्या नमुन्यांत मराठी ओळीही सापडतात. राजाने कसे जगावे, काय भोगावे, काय खेळावे याचा हा जणू कोशच आहे. त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात भाताचे आठ प्रकार येतात. मांडे, पुऱ्या, पोळ्या, वडे येतात. उडदाच्या आंबवलेल्या पिठाची, मिरी, जिरे आणि हिंग लावलेली इडरिका येते, दह्याची शिखरिणी येते. जेवणाची सुरुवात भात, मूग आणि तुपाने होते. इथपर्यंत वाचताना आपल्याच घरातल्या सणाच्या पानावर बसल्यासारखे वाटते.

पुढच्या श्लोकांत हरणाचे, बकऱ्याचे आणि डुकराचे मांस आहे. डुकराचे केस जाळून काढण्याची रीत आहे, कासव भाजण्याची कृती आहे. शेतातले आणि नदीकाठचे उंदीर तेलात तळून खाण्याचे वर्णनही आहे. मासेमारीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात माशांच्या पस्तीसएक जाती नोंदवल्या आहेत. हे सारे एका हिंदू राजाने, संस्कृतात, राजाला शोभणारे भोजन म्हणून आणि कसलाही संकोच न बाळगता लिहिले आहे. शुद्ध, सात्त्विक, शाकाहारी भूतकाळाचे जे चित्र आज आग्रहाने रंगवले जाते, त्यात बसणारी ही पाने नव्हेत.

अर्थात हे राजाचे ताट झाले. चौदाव्या शतकात, १३४२च्या आसपास, इब्न बतूता दौलताबादला आला. या मुलखातल्या प्रतिष्ठित मराठ्यांविषयी तो लिहितो की त्यांचे अन्न म्हणजे भात, भाजीपाला आणि तिळाचे तेल. जेवणाआधी ते स्नान करतात आणि प्राण्यांना पीडा देणे त्यांना आवडत नाही. दौलताबादच्या द्राक्षांची आणि डाळिंबांचीही तो तारीफ करतो. दोन शतकांचे आणि दोन वर्गांचे अंतर इतके, की राजाच्या ग्रंथातले उंदीर आणि प्रतिष्ठितांच्या घरातली अहिंसा या दोन्ही गोष्टी एकाच दख्खनमध्ये खऱ्या होत्या.

या दोन्ही ताटांखाली तिसरे ताट होते. त्याचे वर्णन कुठल्या राजाने केले नाही आणि कुठल्या प्रवाशाला त्याच्याशेजारी बसवलेही गेले नाही. ते होते ज्वारी-बाजरीच्या भाकरीचे, नाचणीच्या आंबिलीचे, वरई-कोदऱ्याच्या भाताचे, रानभाजीचे. पण ज्या भाकरीला आपण मातीतली म्हणतो, त्या भाकरीची ज्वारी, बाजरी आणि नाचणीही मूळची आफ्रिकेतली. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात ही धान्ये भारतात आली आणि कमी पावसाच्या दख्खनने ती आपलीशी केली. त्यांच्या मानाने मिरची कालची. पण मिरचीने जे केले ते मोठे आहे. मलबारची मिरी आणि उत्तरेकडून येणारा हिंग दूरच्या व्यापारातून यायचा आणि त्याला मोल पडायचे. मिरची परसात उगवली. कोरड्या भाकरीला चव देणारा तिखटपणा पैशाविना मिळू लागला. अशा वस्तूला समाजाने परदेशी म्हणून हाकलले नाही. मंदिरांनी, मठांनी, शेतकऱ्यांनी, राजवाड्यांनी ती कालांतराने आत घेतली आणि शेवटी उपवासालाही चालवून घेतली.

अमेरिकेतून आलेल्या कंदाला देवघरापर्यंत वाट मिळाली. गावकुसाबाहेरच्या माणसाला मात्र ती मिळाली नाही.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बिदरला गेला. त्याने आणलेला घोडा जुन्नरच्या खानाने काढून घेतला, आणि पावसाळ्याचे चार महिने त्याने चिखलात काढले. इथल्या घोड्यांना हरभऱ्यासारखे कडधान्य आणि साखर-तुपाची खिचडी चारतात हे त्याने आश्चर्याने नोंदवले. माणसांविषयीची त्याची नोंद अधिक मोलाची आहे. हिंदू लोक दिवसातून दोनदा जेवतात, रात्री जेवत नाहीत, उजव्या हाताने खातात, सुरी किंवा चमचा वापरत नाहीत. प्रवासात प्रत्येकाजवळ स्वयंपाकासाठी स्वतःचे भांडे असते. ते एकमेकांबरोबर जेवत नाहीत. परधर्मीयाची नजर भांड्यावर किंवा अन्नावर पडली तर ते अन्न टाकून देतात, आणि म्हणून काहीजण जेवताना अंगावरून कापड ओढून घेतात. निकितिनला आपले शास्त्र ठाऊक नव्हते. त्याने फक्त डोळ्यांनी पाहिले. त्याला दिसला तो समाज, ज्यात अन्नाभोवती भिंत उभी होती आणि माणूस प्रवासाला निघाला की ती भिंत बरोबर घेऊन निघत होता.

ही भिंत आतून कशी दिसत होती, हे मांड्यांच्या कथेतून कळते. मांडा म्हणजे गव्हाच्या सैल कणकेची, कापडासारखी पातळ केलेली, उपड्या मातीच्या खापरावर भाजलेली गोड पोळी. संन्याशाची मुले म्हणून वाळीत टाकलेल्या ज्ञानदेव, मुक्ताबाई आदी चार भावंडांना मांडे खावेसे वाटले. विसोबा चाटीने कुंभारांना दम दिला आणि मुक्ताबाईला खापर मिळू दिले नाही. तेव्हा ज्ञानदेवांनी योगबळाने पाठ तापवली आणि मुक्ताबाईने त्या पाठीवर मांडे भाजले. आपण या कथेतला चमत्कार लक्षात ठेवतो. पण चमत्काराची गरज कशामुळे पडली? एका मुलीला मातीचे एक भांडे नाकारले गेले म्हणून. बहिष्काराचे पहिले हत्यार चुलीवर चालते. विस्तव द्यायचा नाही, भांडे द्यायचे नाही, पंगतीला घ्यायचे नाही, म्हणजे शस्त्र न उचलता माणूस संपवता येतो. कथेचा शेवटही अन्नातच होतो. पश्चात्ताप झालेला विसोबा या भावंडांचे उष्टे मांडे खातो. ज्याने पंगत मोडली त्याला उष्टे खाऊनच पुन्हा माणसांत यावे लागते, असा न्याय लोकांनी या कथेत करून ठेवला आहे.

तेराव्या-चौदाव्या शतकांतल्या महाराष्ट्रातली धर्मक्रांती आपण तत्त्वज्ञानाच्या भाषेत शिकतो. ती अन्नाच्या भाषेतही लिहिली गेली आहे. चक्रधरांनी आपल्या अनुयायांना चारही वर्णांच्या घरी भिक्षा मागायला सांगितले. म्हाइंभटांनी १२७८च्या सुमारास ऋद्धिपूरला त्यांच्या आठवणी गोळा केल्या. त्या ‘लीळाचरित्रा’त रोजचे जेवण, भिक्षा, पाणी, मुक्काम यांना ईश्वराच्या चरित्रात मानाचे स्थान आहे. ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू गावात कुणाच्याही घरात शिरून खात. नामदेवांच्या घरची दासी म्हणवणाऱ्या जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, कांडतो, शेणी वेचतो. भाकरी ताटात येण्याआधी पहाटेच्या अंधारात जाते ओढावे लागते, लांबून पाणी आणावे लागते, हे ना सोमेश्वर सांगतो, ना बतूता. ते जनाबाई सांगते, कारण तो भार तिच्या खांद्यांवर होता. घरातल्या पंगतीचाही एक क्रम होता. जी दळत होती, ती सर्वांच्या मागून जेवत होती.

आणि चोखामेळा. मंगळवेढ्याचा हा संत आपल्या जोहाराच्या अभंगात आपण भुकेला होऊन धन्याच्या उष्ट्यासाठी आल्याचे सांगतो. भक्तीची ही भाषा वाचताना तिच्याखालचे वास्तव नजरेआड करता येत नाही. उष्टे मागणे हे त्याच्या जातीवर लादलेले काम होते. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला कुसू कोसळून तो गेला आणि त्याची समाधी पंढरपुरात महाद्वाराशी झाली, मंदिराच्या बाहेर.

याच मंगळवेढ्याशी दुसरी एक कथा जोडलेली आहे. १३९६ मध्ये दख्खनवर दुर्गादेवीचा दुष्काळ आला. तो बारा वर्षे टिकल्याचे परंपरा सांगते. पुढे पंधराव्या शतकाच्या मध्यावर पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा बहमनी अंमलातल्या दामाजीपंतांनी सरकारी धान्याची कोठारे उपाशी लोकांसाठी खुली केली. बिदरच्या सुलतानाकडून शिक्षा होणार होती, पण विठ्ठल विठू महाराचे रूप घेऊन बिदरला गेला आणि धान्याचे पैसे भरून आला, असे सांगतात. धान्य पिकत नाही म्हणून माणसे मरतात, तशी कोठाराला कुलूप असते म्हणूनही मरतात, हे या कथेला पक्के ठाऊक आहे. तिला आणखी एक गोष्ट ठाऊक आहे, आणि ती मला फार अस्वस्थ करते. उपाशी गावाला वाचवायला देव महार होऊन येतो, अशी कल्पना या समाजाला करता आली. पण त्या महाराला देवासमोर उभे राहू देणे त्याला पुढची पाच शतके जमले नाही.

संतांनी वाट दाखवली नव्हती असे नाही. आषाढी वारीची सांगता पौर्णिमेला गोपाळपूरच्या काल्याने होते. दही, पोहे, लाह्या एकत्र कालवून वारकरी एकमेकांच्या मुखात घास घालतात. सोळाव्या शतकात पैठणला एकनाथांनी श्राद्धाचे अन्न ब्राह्मणांच्या आधी महारांना जेवू घातले आणि गावाचा रोष ओढवून घेतला, ही कथा मराठी घरांत अजून सांगितली जाते. काल्याचे मोल मी कमी लेखत नाही. वर्षातून एका दिवशी का होईना, माणसे दुसऱ्याच्या हातचे खात होती. पण तो दिवस सरला की प्रत्येकजण आपापल्या पंगतीत परत जात होता. सण म्हणून समता मान्य करायची आणि रोजच्या जेवणात ती नाकारायची, ही सोय आपण फार काळ वापरली.

म्हणून अन्नाच्या इतिहासातले मोठे दिवस मला स्वयंपाकघराबाहेर सापडतात. शाहू महाराजांनी कोल्हापुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांना चहाचे दुकान काढायला साहाय्य केले आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला, तो एक दिवस. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तो दुसरा. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केले, ते दिवस. चहा, पाणी आणि उपास. निकितिनने पाहिलेल्या त्या भिंतीला यांनी जे खिंडार पाडले, ते कुठल्याही नव्या पदार्थाला पाडता आले नव्हते.

ती भिंत पुरती पडलेली नाही. घरकाम करणाऱ्या बाईचा कप अनेक घरांत आजही वेगळा असतो. भाड्याने घर देताना तुम्ही काय खाता हे विचारले जाते आणि त्या उत्तरातून जात आणि धर्म ओळखला जातो. शाळेतल्या पोषण आहाराचे अन्न कुणी शिजवले यावरून देशात वाद झालेले आहेत. हे करणारे बहुतेकजण परंपरेचे नाव घेतात. त्यांना इतिहासाचे उत्तर द्यायला हवे. परंपरेने बाहेरून आलेली ज्वारी घेतली, मिरची घेतली, बटाटा घेतला, साबुदाणा देवापुढे ठेवला. राजाच्या पानावरचा उंदीर सोडला आणि कुणाच्या घरातली अहिंसा वाढवली. खाण्याच्या बाबतीत शुद्ध, अचल असे काही आपल्याकडे कधी नव्हतेच. त्यामुळे ‘आमच्यात असेच चालत आले आहे’ हे वाक्य ताटाच्या बाबतीत खोटे आहे. पंगतीच्या बाबतीत ते खरे आहे, आणि तिथे ते आपल्या लाजेचे कारण आहे.

मध्ययुगाकडून घ्यायचेच असेल तर निवड करावी लागेल. सोमेश्वराच्या ग्रंथातून पाककृती खुशाल घ्याव्यात. त्या चवीने वाचाव्यात आणि करूनही पाहाव्यात. पण वारसा म्हणून ज्याचा अभिमान धरावा, ती चारही वर्णांच्या दारांत फिरलेली झोळी आहे, दुष्काळात उघडलेले कोठार आहे, गोपाळपूरचा काला आहे. हा काला वर्षातल्या एका दिवसापुरता न ठेवता रोजच्या घरात, शाळेत, कार्यालयात, सोयरिकीत आणणे हे आपल्या पिढीचे काम आहे. संतांनी ते सुरू केले, विसाव्या शतकाने त्याला कायद्याचे बळ दिले. आता ते आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबले आहे, आणि तिथून पुढे ते आपल्यालाच न्यावे लागेल.