बाळंतिणीला विचारलं कोणी?

एस्किरोल हा पॅरिसचा मनोविकारतज्ज्ञ. १८३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने बाळंतपणानंतर वेड लागलेल्या बायकांविषयी लिहिलं आणि त्या ओघात एक गोष्ट नोंदवून ठेवली. ज्यांचा आजार फारसा उग्र नसतो अशा पुष्कळ बायका घरीच राहतात, आणि त्यांची मोजदाद कधी होतच नाही. पुढच्या एकशेतीस वर्षांत या विषयावर खूप लिहिलं गेलं, पण जवळजवळ सगळं इस्पितळात पोचलेल्या बायकांवर. घरात राहिलेल्यांकडे जायला वैद्यकाला फार वेळ लागला. या विचाराचा सगळा प्रवास मला त्या उशिराचा इतिहास वाटतो.

एस्किरोलच्या आधीच्या समजुती शरीराभोवती फिरत होत्या. बाळंतिणीचा स्राव किंवा दूध डोक्याकडे चढलं की ती भ्रमते, असं ग्रीक वैद्यांच्या काळापासून मानत. आपल्याकडे काश्यपसंहितेने सूतिकेचे रोग आणि पथ्यं तपशिलाने सांगितली. घरोघरच्या जाणत्या बायकांनी शेक-शेगडी, धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, कानाला बांधलेलं फडकं असा सव्वा महिन्याचा रिवाज घालून दिला. त्या रिवाजाची टिंगल करणाऱ्यांतला मी नाही. बाळंतिणीला झोप मिळावी, गरम घास कोणी हातात आणून द्यावा, रात्री रडणारं बाळ घ्यायला दुसरी बाई घरात असावी, यात नावं ठेवण्यासारखं काय आहे? पण हे सुख धड माहेर असलेल्या बाईचं, आणि तेही बहुधा पहिल्या खेपेपुरतं. शिवाय त्या खोलीत अंगाची विचारपूस होई, मनाची नाही. बाळंतीण गप्प गप्प राहू लागली, बाळाला जवळ घेईना, की दृष्ट काढायची. तेवढ्याने भागलं नाही की बाहेरचं काहीतरी. मेलीच तर ती हडळ होऊन गावाच्या वेशीवर उभी!

१८५८ मध्ये लुई-व्हिक्टर मार्से या फ्रेंच डॉक्टरने गरोदर, बाळंत आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांच्या मनोविकारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात ३१० रुग्णांचा आधार होता. हॉर्मोन हा शब्दही तेव्हा नव्हता. तरी जननेंद्रियांतल्या बदलांचा मनाशी काही धागा असला पाहिजे, हे त्याने ओळखलं. इंग्लंडमध्ये हा विचार कोर्टात पोचला. नवजात मूल मारणाऱ्या आईचं चित्त बाळंतपणामुळे ढळलेलं असेल तर तो खून धरू नये, असा कायदा तिथे १९२२ मध्ये झाला आणि १९३८ मध्ये मुलाचं वय वर्षापर्यंत वाढवून तो नव्याने केला गेला. आपलं जुनं दंडविधान १८६० साली इंग्रजांनीच लिहिलं, पण ही सवलत त्यांनी इथे आणली नाही, आणि आपण आजही ती स्वतंत्रपणे दिलेली नाही.

मात्र मार्सेच्याच काळात पुण्यात एक वेगळाच विचार उभा राहिला होता. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं : बाईने यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल ठेवायचं तर ठेवून जावं. पुढे १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मीला अशाच गुन्ह्यासाठी फाशी सुनावली गेली (नंतर ती कमी झाली), आणि त्या प्रकरणावरच्या गदारोळातून ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ मध्ये आलं. फुल्यांचा किंवा ताराबाईंचा विषय मनोविकार नव्हता, हे उघड आहे. पण युरोप आईच्या गर्भाशयात कारण शोधत असताना ही माणसं म्हणत होती की कारण तिच्या भोवतीच्या माणसांत शोधा. हे दोन विचार एकमेकांना भेटायला पुढे शंभराहून जास्त वर्षं लागली.

अमेरिकेची गोष्टही याच सुमाराची. मुलीच्या जन्मानंतर खचलेली शार्लट पर्किन्स गिलमन ही लेखिका १८८७ मध्ये फिलाडेल्फियाच्या डॉ. वीअर मिचेलकडे गेली. त्याचा उपचार म्हणजे सक्तीची विश्रांती, भरपूर खाणं, घरसंसारात लक्ष आणि लेखणीला हात न लावणं. या उपचाराने ती वेडाच्या काठापर्यंत गेली, आणि त्यावर तिने लिहिलेली ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच फिलाडेल्फियात वर्षभर आधी आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या होत्या. त्यांचा प्रबंध प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. चौदाव्या वर्षी त्यांना झालेलं मूल दहा दिवसांत गेलं, म्हणून त्या डॉक्टर झाल्या, असं आपण शाळेपासून ऐकतो. ती जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. चौदा वर्षांच्या बाळंतिणीच्या शोकाची गोष्ट म्हणून ती सांगावी, असं आपल्याला सुचत नाही.

घरात राहिलेल्या बायकांपर्यंत वैद्यक खऱ्या अर्थाने पोचलं ते १९६८ मध्ये. ब्राइस पिट या लंडनच्या मनोविकारतज्ज्ञाने वेड्या ठरलेल्या बायका बाजूला ठेवल्या आणि साध्या, नेहमीसारख्या बाळंत होणाऱ्या ३०५ जणींना प्रश्न विचारले. जवळजवळ अकरा टक्के बायका बाळंतपणानंतर नैराश्यात होत्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेकींना येणारं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरणारं रडू वेगळं. हे महिनोन्‌महिने मुक्काम करणारं होतं. या बायका भ्रमिष्ट नव्हत्या. त्या रडत होत्या, चिडत होत्या, बाळाच्या काळजीने पोखरल्या होत्या आणि दोष स्वतःला देत होत्या. चार लोकांत त्या चांगल्या आईसारख्याच दिसत असणार.

मग प्रश्न कसे विचारायचे, याचंच शास्त्र झालं. जॉन कॉक्स यांनी आधी युगांडात बाळंतिणींचा अभ्यास केला होता. १९८७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एडिंबरा प्रश्नावली तयार केली. प्रश्न दहा, मागच्या सात दिवसांबद्दलचे. तिची खुबी तिने काय विचारलं नाही यात आहे. थकवा येतो का, भूक लागते का, असलं काही तीत नाही, कारण तान्हं मूल असलेल्या कुठल्याही बाईचं उत्तर तेच येणार. झोपेबद्दल आहे, पण मन दुःखी असल्यामुळे झोप लागत नाही का, असं. प्रश्न असा विचारणाऱ्याने बाळंतिणीचं घर पाहिलेलं असलं पाहिजे.

ही प्रश्नावली गोव्यात आली आणि इथे फुल्यांचा धागा पुन्हा हाती लागतो. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्स आणि नंदिता डिसोझा यांनी उत्तर गोव्यातल्या जिल्हा रुग्णालयात गरोदर असतानाच २७० जणींची नोंद केली; त्यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के बायका नैराश्यात सापडल्या. त्यांतल्या ७८ टक्के गरोदरपणीच मनाने खचलेल्या होत्या, म्हणजे बाळंतपणाने आजार आणला असं म्हणण्याची सोयही उरली नाही. अर्ध्याहून जास्त जणी सहा महिन्यांनीही बऱ्या नव्हत्या. कारणं पाहिली तर गरिबी, नवऱ्याशी बिघडलेलं नातं, मारहाण, उपासमार. आणि बाळ मुलगी असणं किंवा मुलगा असणं यावर या सगळ्याचा भार कमीजास्त होत होता. हॉर्मोनचा वाटा असेलच, पण हॉर्मोनला मुलगी झाल्याचं कसं कळणार? पुढे २०१७ मध्ये देशभरातल्या ३८ अभ्यासांची बेरीज मांडली गेली, तेव्हाही आकडा २२ टक्क्यांवर आला.

बाळंतपणाच्या धक्क्याचा विचार तर आणखी उशिरा आला. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकार संघटनेने आघातोत्तर विकाराला मान्यता दिली, पण घटना माणसाच्या नेहमीच्या अनुभवाबाहेरची हवी, अशी अट घातली. बाळंतपण तर रोजचंच! युद्धावरून परतलेला सैनिक त्या व्याख्येत बसला, टेबलावर रक्ताच्या थारोळ्यात पडून आपण आता मरणार असं वाटलेली बाई बसली नाही. १९९४ मध्ये अट बदलली, आणि मग अभ्यासांना वेग आला. आज साधारणपणे शंभरात तीन-चार जणींना हा विकार होतो असं मानतात. अवघड बाळंतपणानंतर कितीतरी जास्त. ही बाई नेहमी उदास दिसेलच असं नाही. ती दवाखान्याच्या रस्त्याने जायचं टाळते, झोपेत दचकते, दुसऱ्या मुलाचं नाव काढलं की गार पडते. आणि केसपेपरवर तिची प्रसूती नॉर्मल असते.

आपल्या देशात रुग्णालयातली बाळंतपणं २००५-०६ मध्ये ३९ टक्के होती, २०१९-२१ पर्यंत ती ८९ टक्क्यांवर गेली. माता वाचल्या, मुलं वाचली; हे मोठं काम आहे. पण लेबर रूममध्ये ऐकलेली शिवी, मांडीवर बसलेली चापट, न विचारता केलेली तपासणी, याची नोंद कुठल्या रजिस्टरात होते? जागतिक आरोग्य संघटनेला २०१४ मध्ये या वागणुकीविरुद्ध निवेदन काढावं लागलं. घरी आल्यावर ‘बाळ सुखरूप आहे ना, मग विसर आता’ हे वाक्य तयारच असतं. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण बाईचं तोंड त्याने बंद होतं.

आता औषधंही आली आहेत. खास याच नैराश्यासाठी अमेरिकेत २०१९ मध्ये शिरेतून द्यायचं आणि २०२३ मध्ये चौदा दिवसांच्या गोळ्यांचं औषध मंजूर झालं. उग्र आजारात औषध हवंच. गोळीने नवऱ्याचा हात मात्र थांबत नाही. गोव्यातच आणखी एक प्रयोग झाला. गावातल्या साध्या बायकांना शिकवून ‘सखी’ म्हणून गरोदर बायकांकडे पाठवलं; २०१९ मध्ये आलेले निष्कर्ष माफक होते, पण आशा वाटावी असे होते. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांच्या आतलं मूल सहसा तोडू नये असं सांगितलं आहे, हे फार थोड्या घरांना ठाऊक असतं.

घराघरांत जाणारी यंत्रणा आपल्याकडे आधीच आहे, आणि तिची मुळं महाराष्ट्रातच, गडचिरोलीतल्या ‘सर्च’ या संस्थेच्या नवजात बालसेवेत आहेत. रुग्णालयात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा जाते. बाळाचं वजन, ताप, दूध सगळं पाहते. आईबद्दलही विचारते : रक्तस्राव, ताप, आणि ती असंबद्ध बोलते का. म्हणजे तिच्या भेटीच्या फॉर्मने मार्सेची रुग्ण ओळखायची सोय केली, पिटची नाही. त्यात मनाचे दोन प्रश्न घालायला हवेत : गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, कशात रस वाटेनासा झाला का. आणि ते सासू शेजारी बसलेली नसताना विचारायला हवेत. या सहाही भेटींचे मिळून आशाताईला अडीचशे रुपये ठरवले गेले होते. नवं काम सांगण्याआधी तिचा मोबदला वाढवावा. तोवर ज्यांच्या घरात बाळंतीण आहे त्यांनी स्वतः विचारावं, आणि उत्तर ऐकून घाबरायला झालं तर १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीतही बोलता येतं.